थंड इंजिन खरं बोलतं

जुना ट्रॅक्टर बघायला जायचं तर सकाळी लवकर जावं, आणि शक्यतो न कळवता जावं. कळवलं की मालक इंजिन तापवून ठेवतो. तापलेलं इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू होतं, धूर कमी सोडतं, आवाजही गोड करतं. म्हणून "भाऊ, एक छोटा ट्रॅक्टर बघून द्या" असं कोणी म्हणालं की मी तिथं गेल्यावर आधी बॉनेट उघडत नाही, बॉनेटवर हात ठेवतो. गरम लागलं तर चहा मागवतो आणि इंजिन निवेपर्यंत कागद चाळतो.

माझं गॅरेज बासरला. बाहेरच्यांना बासर ठाऊक आहे ते सरस्वतीच्या देवळामुळे. वसंत पंचमीला लेकरांच्या अक्षराभ्यासासाठी इथं पाय ठेवायला जागा उरत नाही. आमचा मुधोळ तालुका १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता. मग तो आदिलाबादेत गेला, आणि २०१६ पासून आम्ही तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यात आहोत. धर्माबाद जवळच, म्हणजे महाराष्ट्रही जवळच. त्यामुळे माझं गिऱ्हाईक घासाघीस मराठीत करतं आणि पैसे तेलुगूत मोजतं.

गोदावरीच्या काठाला भात, वर काळ्या रानात कापूस आणि सोयाबीन, निजामाबादकडे हळद. दोन-तीन एकरवाल्याला पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर परवडत नाही, आणि तो कपाशीच्या दोन ओळींत शिरतही नाही. बैलजोडी सांभाळायला आता माणूस मिळत नाही. मग येतो तो छोटा ट्रॅक्टर: महिंद्राचा युवराज २१५, एका सिलिंडरचा, १५ अश्वशक्तीचा, व्हीएसटीचा एमटी १८० डी, तीन सिलिंडरचा, साडेअठराचा, किंवा कुबोटाचा चारही चाकं ओढणारा २४ नाहीतर २७ अश्वशक्तीचा निओस्टार. असली यंत्रं मुळात जपानच्या छोट्या शेतांतून आली. कुबोटाने तिथं १९६० मध्ये टी १५ काढला, तेव्हापासून जपानी शेताच्या मापाचा ट्रॅक्टर बनू लागला. आपल्याकडच्या तुकड्यांना तेच माप बसलं.

आता तपासणी. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं. गरम असताना चुकूनही नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला किंवा ऑइलच्या पट्टीवर दुधाळ चहासारखं तेल आलं, तर पाणी आणि तेल आत कुठंतरी एकत्र येतंय. हेड गॅस्केट गेलं असेल, नाहीतर हेडला चीर असेल. तेल नुसतं काळं असेल तर घाबरायचं कारण नाही. डिझेल इंजिनचं तेल काळंच होतं. पट्टीचा थेंब बोटावर चोळून बघायचा. कचकच लागली तर माती आत गेलेली आहे, आणि ती बहुतेक एअर क्लीनरमधूनच गेलेली असते.

मग सेल्फ मारायचा. सुरुवातीला काळ्या धुराचा एक भपका येऊन धूर विरळ झाला तर ठीक. निळसर धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल खातंय: रिंगा झिजल्यात किंवा व्हॉल्व्हच्या गाइड. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर नॉझल, टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा आत शिरणारं पाणी, यांपैकी काहीतरी. इंजिन चालू असताना ऑइल भरायच्या झाकणातून भसाभसा वाफ येत असेल, तर मालक बोअर-पिस्टनचा खर्च तुमच्या गळ्यात मारतोय असं समजा. युवराजसारख्या एका सिलिंडरच्या इंजिनाची धडधड जास्तच असते, तिला मात्र दोष देऊ नका.

पुढं हायड्रोलिक. मागचं अवजार वर उचलायचं, इंजिन बंद करायचं आणि घड्याळ बघायचं. अवजार हळूहळू खाली बसलं तर चालतं. धाडकन आलं तर लिफ्टचं सील किंवा व्हॉल्व्ह गेलेला आहे. तीन ठिकाणी अवजार धरायची ही रचना आयरिश हॅरी फर्ग्युसनची. १९३६ सालच्या फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरवर ती विक्रीला आली. खालचे दोन हात आणि वरची टॉप लिंक मिळून अवजार ट्रॅक्टरला असं जखडतात की ओढीचा भार मागच्या चाकांवर येतो. ट्रॅक्टर हलका असूनही नांगरू शकतो तो त्यामुळे. म्हणून त्या हातांच्या पिना आणि गोळे झिजून खुळखुळत असतील तर भाव पाडून मागा.

चारही चाकं ओढणारा ट्रॅक्टर असेल तर पुढची ड्राइव्ह घालून मऊ रानात चालवून बघायचं. डांबरी रस्त्यावर ती काढूनच चालायचं असतं, नाहीतर टायरही झिजतात आणि गिअरवरही ताण येतो. पुढच्या टायरचं माप मूळचंच आहे ना, तेही बघा. गावोगाव मिळेल तो टायर चढवतात. मग पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत राहतात.

एवढं झाल्यावर घेतलेला ट्रॅक्टर टिकवायचा कसा? माझा हिशेब साधा आहे: यंत्र वयानं कमी मरतं, आत शिरलेल्या माती-पाण्यानं जास्त मरतं. ते अडवणाऱ्या गोष्टी फार स्वस्त असतात. सील, फिल्टर, ग्रीस, तेल. महाग गोष्टी त्यांच्या पाठीमागं असतात.

सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत हे डोळ्यांनी दिसतं. धूळ आणि भुसा रेडिएटरच्या जाळीत असा गच्च बसतो की हवा जातच नाही, आणि इंजिन दुपारी उकळतं. लोक थर्मोस्टॅट बदला म्हणतात. मी जाळी काढून आतून बाहेर हवा मारतो. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. तेलाचा एअर क्लीनर असेल तर मळणीच्या हंगामात त्याची वाटी रोज उघडून बघायची. तळाला गाळ बसला की तेल फेकायचं, वाटी डिझेलनं धुवायची आणि खुणेपर्यंतच नवं तेल घालायचं. खुणेच्या वर घातलं तर इंजिन ते तेल ओढून घेतं.

भाताची चिखलणी म्हणजे वेगळीच परीक्षा. ट्रॅक्टर दिवसभर गुडघाभर चिखलात, आणि पुढच्या ॲक्सलची सीलं पाण्याखाली. चिखलणी संपली की पुढच्या ॲक्सलच्या खालचा बोल्ट थोडा सैल करून तेल बघायचं. पाणी जड असल्यानं तेच आधी बाहेर येतं. आलं तर सगळं तेल काढून नवं भरायचं आणि सील बदलायचं. निप्पलमधून ग्रीस मारताना जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत मारायचं. चिखल धुताना प्रेशरचं पाणी सीलवर, डायनॅमोवर आणि एअर क्लीनरच्या तोंडावर सोडू नये.

डिझेल संपलं किंवा फिल्टर बदलला की "ट्रॅक्टर एअर पकडतो", म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा अडकते, आणि सेल्फ फिरूनही सुरू होत नाही. बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारत बसू नये. फीड पंपाचा हातदांडा असेल तर काम सोपं आहे. टाकीचा कॉक उघडायचा, फिल्टरच्या डोक्यावरचा एअरचा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि दांडा दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग डिझेलची सलग धार. धार आली की दाबता दाबताच स्क्रू आवळायचा. तसंच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूला करायचं. तरी सुरू झाला नाही तर नॉझलकडच्या पाइपाचं नट किंचित सैल करून सेल्फ द्यायचा. तिथं हात धरायचा नाही, दाबाचं डिझेल कातडीत शिरतं. काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत रात्री दमट हवेचं पाणी होतं आणि ते पंपात जातं.

माझ्याकडे येणारी निम्मी दुखणी ट्रॅक्टरची नसतातच, रोटाव्हेटरची असतात. रोटा टायरांच्या मागं उमटलेला माग पुसण्याइतका रुंद हवा, पण शेजाऱ्याचा मोठा आहे म्हणून तसलाच छोट्या ट्रॅक्टरला जोडला की इंजिन दबतं आणि क्लच जळतो. रोट्याच्या रॉडला सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे गुंडाळलेला कचरा. आमच्याकडे रानडुकरांसाठी बांधाला जुन्या साड्या लावतात. वारा आला की साडी शेतात, आणि शेतातून रोट्याच्या टोकाला. तशीच ठिबकची नळी आणि पऱ्हाटीची साल. ती फिरून फिरून रॉडच्या टोकाशी आवळली जाते, सील कापते, गिअर ऑइल बाहेर जातं आणि माती बेअरिंगमध्ये शिरते. कचरा कापायला विळा आणि पाच मिनिटं पुरतात. बेअरिंगला आठवडा आणि नवा रॉड. इंजिन बंद करून, चावी खिशात घालून आणि रोट्याखाली लाकडाचे ठोकळे लावूनच हात घालायचा. ट्रॅक्टरमागून रोटा फिरवणारा पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो; धोतराचं टोक, शेला किंवा साडीचा पदर त्यात गेला तर ओढून काढायला वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर तुटलं म्हणून फेकून देऊ नका.

त्याच शाफ्टचे दोन्ही जॉइंट एका रेषेत बसवायचे असतात, नाहीतर ट्रॅक्टर थरथरतो. रोटा वर उचलताना पीटीओ बंद करायचा. शिअर बोल्ट तुटला तर तसाच नवा घालायचा. त्याचं कामच तुटण्याचं आहे. त्याच्या जागी कठीण पोलादी बोल्ट ठोकला की पुढच्या दगडाला गिअरबॉक्स तुटतो.

कागदांचं सीमेवर वेगळं प्रकरण असतं. धर्माबादेतून एमएच २६ नंबरचा ट्रॅक्टर बासरला आणला तर नुसतं आरसी बुक पुरत नाही. कर्जाचा बोजा उतरल्याचं बँकेचं पत्र, नमुना २९ आणि ३० वर नाव बदल आणि मूळ आरटीओची हरकत नसल्याचा दाखला, म्हणजे नमुना २८, हे लागतं. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ वाहन ठेवलं तर तिथला नंबर घ्यावाच लागतो.

आणि सौदा ठरवण्याआधी एक काम करा. त्या मॉडेलच्या डिझेल फिल्टरचं, क्लच प्लेटचं आणि पुढच्या ॲक्सलच्या सीलचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या आणि निजामाबाद, भैंसा, धर्माबाद इथल्या दुकानांत भाव विचारा. दोन दुकानांत माल तयार असेल तर ट्रॅक्टर थोडा महाग पडला तरी घ्या. "मागवून देतो, पंधरा दिवस लागतील" असं ऐकू आलं तर कितीही स्वस्त असला तरी सोडा, कारण पेरणीचा वाफसा पंधरा दिवस कुणाची वाट बघत नाही.