संगणक उठत नाहीं तेव्हां

नट कितीहि तरबेज झाला तरी त्याला स्वतःच्याच खांद्यावर चढतां येत नाहीं, असा आपल्या शास्त्रकारांचा एक न्याय आहे. संगणकाला मात्र रोज सकाळीं नेमकें हेंच करावें लागतें. वीज मिळते त्या क्षणीं त्याची रॅम कोरी असते. मग विंडोजसारखी कार्यप्रणाली तींत आणून बसविणार कोण? ह्यासाठीं मदरबोर्डवरील एका चिपेंत लहानसा प्रोग्राम कायम वस्तीला ठेवलेला असतो. तो प्रथम अवयवांची तपासणी करतो, मग डिस्क शोधतो व तिजवरील कार्यप्रणालीला जागी करतो. ह्या जिन्याच्या कोणत्या पायरीवर यंत्र अडलें हें ओळखलें, कीं अर्धी दुरुस्ती झालीच.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं हा प्रसंग ओढवला. दोन वर्षें खपून टंकलिखित केलेला आमच्या कुळाचा वृत्तान्त त्या यंत्रांत होता, आणि सांगण्यास लाज वाटते, दुसरी प्रत कोठेंहि नव्हती! पंखा फिरे, दिवा लागे. पडदा मात्र काळा. दुरुस्तीस आलेले गृहस्थ म्हणाले, "सर्व पुसून विंडोज नव्यानें भरूं." मी होकार देणार तोंच धाकटा पुतण्या म्हणाला, "काका, पडद्यावर एक अक्षरहि उमटत नाहीं. म्हणजे गाडी विंडोजपर्यंत पोंचलीच नाहीं. मग तें पुसून काय साधणार?" त्यानें वीज तोडली, रॅमची पट्टी काढली, तिचीं सोनेरी टोकें कोरड्या मऊ फडक्यानें पुसलीं आणि दोन्ही बाजूंस 'खट्' होईपर्यंत ती दाबून बसविली. पडदा उजळला!

तेव्हां वाचकांनीं ही परीक्षा क्रमानें करावी. यंत्र अगदींच निष्प्राण असेल, तर भिंतीवरील बटन, प्लग व तार पाहावी. वीजपुरवठ्याची पेटी मात्र घरीं कदापि उघडूं नये. पंखा फिरूनहि पडदा काळा राहिला, तर आधीं मॉनिटरची तार व नंतर रॅम पाहावी. 'डिस्क सांपडत नाहीं' अशा अर्थाचा संदेश आला, तर चुकून लावलेला राहिलेला पेन ड्राइव्ह काढून पाहावा. वीज तोडतांच दिनांक मागें पडत असेल, तर सीआर २०३२ ही ३ व्होल्टची चपटी बॅटरी बहुधा संपलेली असते. विंडोजचें चिन्ह दिसून यंत्र पुनःपुन्हां अडत असेल, तर दोष बहुधा कार्यप्रणालींत असतो. लागोपाठ कांहीं प्रयत्न फसले म्हणजे दुरुस्तीचा पडदा आपोआप उघडतो. तेथें 'स्टार्टअप रिपेअर' प्रथम करावें. सर्व कांहीं काढून टाकण्याच्या पर्यायास मात्र, प्रत हातीं येईपर्यंत, स्पर्शहि करूं नये.

अशा यंत्रांतूनहि प्रत घेतां येते. दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून यंत्र सुरू केलें, तर डिस्कवरील मजकुरास धक्का न लावतां फायली बाहेर काढतां येतात. बिटलॉकरचें कुलूप असल्यास ४८ अंकी किल्ली लागते. ती आजच वहींत उतरून ठेवावी. आणि डिस्क टकटक वाजूं लागली, तर यंत्र तत्काळ बंद करून जाणत्याकडेच न्यावें.

आमच्या वृत्तान्ताची एक प्रत आतां बाहेरील डिस्कवर आहे, दुसरी पुतण्याकडे, आणि तिसरी छापून कपाटांत ठेविली आहे.