विश्लेषण : गाडीचा ‘मेंदू’ घरच्या घरी बदलता येतो का? ‘रिमॅप’ शिकण्याआधी काय माहीत हवे?

‘स्टेज वन मार, मग पिकअप बघ,’ हा सल्ला गाडीवेड्या मित्रमंडळींत हल्ली सर्रास ऐकू येतो. स्टेज वन म्हणजे इंजिनाचा एकही नट न खोलता केवळ त्याच्या संगणकातील आकडे बदलून ताकद वाढवणे. लॅपटॉप आणि केबल असली की हे काम पार्किंगमध्येही होऊ शकते. मग गॅरेजवाल्याला पैसे देण्याऐवजी आपणच का शिकू नये, असे अनेकांना वाटते. शिकता येते. पण बहुतेक जण ज्या क्रमाने शिकायला जातात, तो उलटा आहे. आकडे बदलणे हा शेवटचा धडा आहे, आकडे वाचणे हा पहिला. हा क्रम चुकला तर फटका पिस्टनला बसतो, वॉरंटीला बसतो आणि कायद्याचाही बसू शकतो.

ईसीयू नेमके काय करतो?

इंजिन कंट्रोल युनिट, म्हणजेच ईसीयू, ही बॉनेटखाली किंवा डॅशबोर्डमागे बसवलेली एक चपटी धातूची डबी असते. हवा किती आत आली, ती किती गरम आहे, क्रँकशाफ्ट कुठे आहे, ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, हे तिला सेन्सर सांगतात. त्यावरून पेट्रोल इंजिनात तिला मुख्यतः दोन गोष्टी ठरवायच्या असतात : इंधन किती फवारायचे आणि ठिणगी केव्हा टाकायची.

यासाठी मिळणारा वेळ फारच थोडा असतो. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० वेळा फिरतो आणि चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. क्रँक एक अंश फिरायला लागणारा वेळ असतो सेकंदाचा १८ हजारावा भाग. त्यामुळे ईसीयू बरीच उत्तरे तयार तक्त्यांमधून उचलतो. तक्त्याच्या एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. दोन चौकटींच्या मधली स्थिती आली तर मधला आकडा काढला जातो. या तक्त्यांनाच ‘मॅप’ म्हणतात आणि ते बदलणे म्हणजे रिमॅप.

आधुनिक गाडीत असे शेकडो तक्ते एकमेकांत गुंतलेले असतात. टर्बोचा दाब वाढवला पण टॉर्कची मर्यादा ठरवणारा तक्ता तसाच ठेवला, तर ईसीयू स्वतःच थ्रॉटल बंद करू लागतो. पहिल्याच प्रयत्नात ‘काहीच फरक पडला नाही’ असे म्हणणाऱ्यांच्या बाबतीत अनेकदा हेच घडलेले असते.

कंपनीने ताकद ‘लपवून’ ठेवलेली असते का?

हा सर्वात लाडका गैरसमज आहे. मारुतीच्या १२४८ सीसी डिझेल इंजिनाचे उदाहरण नेहमी दिले जाते. स्विफ्टमध्ये ते ७५ पीएस द्यायचे, अर्टिगामध्ये ९०. ‘इंजिन एकच, फक्त सॉफ्टवेअरने दाबले आहे,’ असे ठासून सांगितले जाई. प्रत्यक्षात ९० पीएसच्या इंजिनात टर्बोच निराळा होता, पात्यांचा कोन बदलणारा. फरक फक्त आकड्यांचा नव्हता.

कंपनी थोडी जागा राखून ठेवते हे मात्र खरे. तीच गाडी नागपूरच्या मे महिन्यात, लडाखच्या खिंडीत आणि आडवाटेच्या पंपावरच्या पेट्रोलवरही चालावी लागते. त्या राखीव जागेतूनच ट्यूनर ताकद काढतो. टर्बो पेट्रोल किंवा डिझेल इंजिनात हवेचा दाब वाढवता येतो, म्हणून फरक जाणवतो. टर्बो नसलेल्या साध्या इंजिनात हवा तेवढीच राहते, त्यामुळे फायदा किरकोळ. त्यासाठी हजारो रुपये मोजणे पटण्यासारखे नाही.

शिवाय ताकद फक्त इंजिनाला झेपून भागत नाही. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या १.५ टीएसआय गाड्या कारखान्यातूनच २५० न्यूटन मीटर टॉर्क देतात. त्यांच्यातील सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्सची घोषित मर्यादाही तेवढीच, २५०. अशा गाडीत स्टेज वन केल्यावर वाढलेला प्रत्येक न्यूटन मीटर मर्यादेच्या पलीकडचा असतो. क्लच लगेच जाईल असे नाही, पण तो गेला तर बिल मालकाचेच.

पहिले काही महिने फक्त वाचायचे, म्हणजे काय?

स्टिअरिंगखाली १६ पिनांचे ओबीडी सॉकेट असते. त्यात ब्लूटूथ ॲडॉप्टर लावून मोबाइलवर ‘टॉर्क’सारखे ॲप उघडले की सेन्सरचे आकडे दिसू लागतात. साधे ॲडॉप्टर काही शे रुपयांत मिळते. वाचण्यापुरते ते पुरते. त्याच्या भरवशावर ईसीयूत काही लिहायला जाऊ नये.

सुरुवात अगदी सोप्या प्रयोगाने करता येते. मॅप सेन्सर, म्हणजे इनटेकमधला दाब मोजणारा सेन्सर, इंजिन बंद आणि चावी ऑन असताना बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. मुंबईत तो १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो, पुण्यात ९५ च्या आणि पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला पोहोचलात की ८६ च्या आसपास. म्हणजे हवा सुमारे १५ टक्के विरळ. घाटात साधी पेट्रोल गाडी ‘ओढत नाही’ याचे एक मोठे कारण या एका आकड्यात दिसते. टर्बो गाडी हीच तूट भरून काढण्यासाठी जास्त राबते. मुंबईत आखलेला आक्रमक मॅप घाटमाथ्यावर टर्बोला का दमवू शकतो, हेही त्यातून कळते.

त्यानंतरचा आकडा म्हणजे ‘फ्युएल ट्रिम’. ट्यूनिंग शिकणाऱ्यासाठी हा सर्वात मोलाचा आहे. तक्त्यातील इंधन कमी पडते की जास्त होते, हे ईसीयू सायलेन्सरच्या मार्गातील ऑक्सिजन सेन्सरवरून तपासतो आणि टक्क्यांत दुरुस्ती करतो. दीर्घकालीन ट्रिम उणे ५ ते अधिक ५ च्या आत असेल तर तब्येत ठीक. १० च्या पुढे गेली तर काहीतरी बिघडले आहे. हवा मोजणारा मॅफ सेन्सर असलेल्या गाडीत आयडलिंगला अधिक १२ आणि आरपीएम वाढल्यावर अधिक २ दिसत असेल, तर एखादी व्हॅक्यूम नळी फाटून न मोजलेली हवा आत येत असण्याची शक्यता मोठी. उलट भार वाढल्यावर ट्रिम चढत गेली तर संशय इंधन पंप आणि फिल्टरवर. अशा गाडीचा रिमॅप करणे म्हणजे ताप आलेल्या माणसाला पळायला लावणे. आधी ती दोनशे रुपयांची नळी बदलावी. बऱ्याचदा हरवलेला पिकअप तिथेच सापडतो.

इथेनॉलचा हिशेबही ट्रिममध्ये दिसतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. ई-१० ला सुमारे १४.१ आणि ई-२० ला सुमारे १३.५. म्हणजे ई-१० वरून ई-२० वर गेल्यावर तेवढ्याच हवेसाठी साधारण चार टक्के जास्त इंधन लागते आणि ट्रिम तेवढी वर सरकू शकते. शांत चालवताना ईसीयू हे सांभाळून घेतो. पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर बऱ्याच गाड्यांत ही तात्काळ दुरुस्ती थांबते आणि इंजिन तक्त्यावर विसंबते. साधा ऑक्सिजन सेन्सर तिथे फारसा उपयोगाचा नसतो. मिश्रण योग्य प्रमाणाच्या कोणत्या बाजूला आहे एवढेच तो सांगतो, किती दूर आहे ते नाही. म्हणून पूर्ण भारावर ट्यूनिंग करायचे तर वाइडबँड सेन्सर हवाच. तो नसेल तर पूर्ण भाराच्या चौकटींना हात लावू नये.

गाडी चालवताना मोबाइलकडे बघणे मात्र वर्ज्य. नोंद ॲपला करू द्यावी आणि आलेख घरी येऊन पाहावा. पूर्ण ॲक्सिलरेटरच्या चाचण्यांची जागा डायनोवर आहे, सार्वजनिक रस्त्यावर नाही.

इंजिन फुटते ते कशामुळे?

बहुतेकदा नॉकिंगमुळे. ठिणगी पडली की ज्वाला सिलिंडरभर पसरत जाते. पण दाब आणि उष्णता फार वाढली तर कोपऱ्यातले उरलेले मिश्रण ज्वाला पोहोचण्याआधीच आपोआप पेट घेते. त्या धक्क्याने टकटक आवाज येतो. जोरदार नॉकिंग सुरू राहिले तर पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. जास्त दाबाच्या टर्बो इंजिनात याला फार वेळ लागत नाही.

ठिणगी जरा आधी टाकली की एका हद्दीपर्यंत टॉर्क वाढतो, हे नवशिक्या लवकर शिकतो. पेट्रोलचा ऑक्टेन कमी असेल तर ती हद्द येण्याआधीच नॉकिंग सुरू होते, हे त्याला उशिरा कळते. परदेशातल्या कुणाची ‘जबरदस्त’ फाइल घेऊन आपल्या गाडीत टाकणे धोक्याचे ठरते ते यामुळेच. युरोपात साधे पेट्रोलही किमान ९५ ऑक्टेनचे असते. आपल्याकडे वर्षानुवर्षे साधे पेट्रोल ९१ चे होते. त्यावर ४० अंशांची हवा चढवा. इंजिनावरचा नॉक सेन्सर ठिणगी काही अंश मागे घेऊन वाचवायचा प्रयत्न करतो, पण त्यालाही मर्यादा आहे. ही माघार किती झाली ते साध्या ॲपवर बहुधा दिसत नाही, त्यासाठी त्या-त्या कंपनीच्या गाड्यांसाठीचे खास सॉफ्टवेअर लागते. ते नसताना ठिणगीचे तक्ते बदलणे म्हणजे अंदाजपंचे काम.

मग हात साफ करायचा कशावर?

रोजच्या गाडीवर नाही. फ्लॅशिंग सुरू असताना बॅटरीचा दाब घसरला किंवा केबल निसटली तर ईसीयू अर्धवट लिहिलेला राहतो आणि गाडी सुरूच होत नाही. जाणकार आधी मूळ फाइल वाचून दोन ठिकाणी जपून ठेवतात आणि बॅटरीला स्थिर पुरवठा जोडतात. तरीही ते टेबलावरच्या सरावाला पर्याय नाही.

त्यासाठी चांगली साधने आहेत. अमेरिकेतील ब्रूस बॉलिंग आणि अल ग्रिप्पो यांनी २००१ च्या सुमारास ‘मेगास्क्वर्ट’ हा स्वतः जोडण्याचा ईसीयू लोकांसमोर आणला. आज ‘स्पीडुइनो’ हा मुक्त स्रोत ईसीयू अर्डुइनो मेगा बोर्डवर चालतो. दुसऱ्या छोट्या अर्डुइनोवर ‘अर्डु-स्टिम’ टाकला की तो क्रँक सेन्सरचे खोटे संकेत देतो. इंजिन नसतानाही टेबलावर ६००० आरपीएम ‘फिरते’ आणि तक्त्यातील आकडा बदलला की इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहतो ते समोर दिसते. चूक झाली तर फार तर एक एलईडी जळेल. ‘फॉर्म्युला भारत’साठी रेसगाडी बांधणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी हेच ज्ञान खऱ्या इंजिनावर वापरतात. नियमाने बसवाव्या लागणाऱ्या २० मिलिमीटरच्या हवा-अडसरामुळे त्यांना मूळ मॅपवर विसंबून चालतच नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यात ‘रिमॅप’ हा शब्द नाही. पण कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. नोंदणीच्या अर्जात अश्वशक्तीचाही रकाना असतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. डिझेल गाडीतील डीपीएफ काढून टाकणे किंवा ईजीआर बंद करणे याला तर ‘परफॉर्मन्स’ म्हणणेच चूक. तो प्रदूषण नियंत्रण यंत्रणेतला फेरफार आहे.

केवळ आकड्यांनी धूर किती बदलतो, हे फोक्सवॅगन प्रकरणाने दाखवून दिले. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत ते उघड झाल्यावर पुण्याच्या ‘एआरएआय’नेही गाड्या तपासल्या आणि डिसेंबरमध्ये कंपनीने भारतातील ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. पीयूसी मिळाले म्हणजे रिमॅप निर्दोष, असेही नाही. पेट्रोल गाडीची ती चाचणी उभ्या गाडीवर होते, पूर्ण भारावर नाही.

‘वॉरंटीच्या वेळी मूळ फाइल परत टाकू,’ हा बेतही कच्चा आहे. अनेक ईसीयू किती वेळा लिहिले गेले याची नोंद ठेवतात. फोक्सवॅगन-आऊडी समूहात फेरफार आढळलेल्या गाडीवर कंपनीच्या यंत्रणेत ‘टीडी१’ अशी खूण लागते आणि इंजिन-गिअरबॉक्सचे वॉरंटी दावे नाकारले जाऊ शकतात. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर अपघातानंतरचा दावाही अडकू शकतो. आणि कळवायचा म्हटला, तर जो बदल कायद्यातच बसत नाही तो कोणत्या रकान्यात लिहायचा, हा प्रश्न उरतोच.