इंजिनाचा पिवळा दिवा विझवणे आणि बिघाड काढणे

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या ज्या पट्ट्यात मोटारी तयार होतात, तेथेही डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा घरीच स्कॅनर लावून किंवा बॅटरीची तार काढून विझवला की गाडी दुरुस्त झाली, असा समज आढळतो. वस्तुतः ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) सेन्सरांच्या नोंदी सतत तपासत असतो आणि, विशेषतः धुरातील प्रदूषण वाढवू शकेल असा दोष आढळल्यास, फॉल्ट कोड (बिघाडाचा सांकेतिक क्रमांक) साठवून हा दिवा लावतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ (भारत स्टेज-६) प्रदूषण-निकषांमुळे या स्वयंतपासणीचे महत्त्व वाढले आहे. तापमापी झटकून पारा खाली आणल्याने ताप उतरत नाही, तसे कोड पुसल्याने मूळ कारण जात नाही, उलट मेकॅनिकला उपयोगी पडणारी नोंद तेवढी नाहीशी होते. शिवाय कोड म्हणजे बदलायच्या सुट्या भागाचे नाव नव्हे: ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला तरी दोष तुटलेल्या तारेत किंवा एक्झॉस्ट नळीच्या गळतीत असू शकतो, आणि नवा सेन्सर आणण्याची घाई बहुधा येथेच महागात पडते. कोड लिहून ठेवणे, सैल जोडण्या आणि इंधनटाकीचे झाकण पाहणे, एवढे घरी जरूर करता येते. दिवा लुकलुकत असेल, तर मात्र मिसफायरमुळे (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळल्यामुळे) कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) अति तापून निकामी होऊ शकतो, म्हणून गाडी न दामटता सुरक्षित जागी थांबवून गॅरेजला कळवावे.