सगळं एकदम बसायला हवं

प्रोसेसर उलटा करून पाहिला की त्याच्या पोटाखाली सोनेरी टाचण्यांचं दाट रान दिसतं. एएमडीच्या एएम४ जातीच्या प्रोसेसरला अशा १,३३१ पिना असतात आणि त्या सगळ्या जेमतेम चार सेंटिमीटरच्या चौकोनात. (१,३३१ म्हणजे अकराचा घन. निव्वळ योगायोग, पण मला त्यातही गंमत वाटते.) मदरबोर्डावर तेवढीच भोकं. कडेचा खटका वर उचलायचा, कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि प्रोसेसर अलगद सोडायचा. तो स्वतःच्या वजनानं खाली बसतो. दाबायचा नाही. १,३३० पिना सरळ आणि एकच वाकलेली असली, तरी तो बसत नाही.

‘सगळं एकदम, नाहीतर काहीच नाही’ हे प्रकरण इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या एका माणसानं शंभरहून जास्त वर्षांपूर्वी नियमात बांधलं. कॉम्प्युटरसाठी अर्थातच नाही, स्क्रूसाठी. त्याचं नाव विल्यम टेलर. त्यानं आणि त्याच्या भावानं १८८६ मध्ये लेस्टरमध्ये भिंगांचा कारखाना काढला, तोच पुढे टेलर, टेलर अँड हॉब्सन झाला. तिथली ‘कुक’ भिंगं पुढे सिनेमाच्या कॅमेऱ्यांवर जगभर पोचली. भिंगाच्या नळीवर बारीक आटे असतात. भिंग एका कारखान्यात तयार होतं, कॅमेरा दुसऱ्यात, आणि दोघांची गाठ पडते ती थेट गिऱ्हाइकाच्या हातात. तिथे ते फिरलं पाहिजे, अडकता कामा नये आणि खुळखुळताही कामा नये.

टेलरनं १९०५ मध्ये सांगितलेलं तत्त्व आजही अभियांत्रिकीच्या पुस्तकांत त्याच्याच नावानं शिकवतात. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये ‘गो गेज’ आणि ‘नो-गो गेज’ हे शब्द कानावर पडतात. त्यांच्यामागे हाच लेस्टरचा माणूस आहे. तत्त्व असं: ‘जातो का’ हे पाहणारं गेज सगळी मापं एकाच वेळी तपासणारं हवं. बोल्टाचा व्यास बरोबर, आट्यांमधलं अंतर मर्यादेत, आट्यांचा कोनही मर्यादेत, असं सुटंसुटं पास झालं तरी तिन्ही किंचित चुका एकत्र येऊन बोल्ट नटमध्ये अडकू शकतो. ‘नाही जात’ हे पाहणारं गेज मात्र उलट, एका वेळी एकच माप तपासणारं हवं. कारण नकाराचं गेज सगळं एकदम पाहायला लागलं, तर एखादं चांगलं माप त्याला अडवतं आणि बिघडलेलं माप त्याच्या आडोशानं पास होऊन जातं. होकार सगळ्यांचा मिळून, नकार एकेकट्याचा. याच माणसानं त्याच वर्षी गोल्फच्या चेंडूवरच्या खळग्यांचंही पेटंट घेतलं, यावरून त्याचं डोकं कुठेकुठे चालत होतं याचा अंदाज यावा.

आता पाचशे पौंडांच्या गेमिंग पीसीकडे येऊ. लेस्टरमध्ये दोन विद्यापीठं आहेत. मास्टर्सला आलेली आपल्याकडची मुलं खोली मिळाली, बँकेचं खातं उघडलं, गोल्डन माईलच्या भारतीय दुकानांत डाळ-तांदूळ भरून झालं की हळूच हा विषय काढतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकानदारच सांगतो, ‘हे त्याला नाही चालणार, हे घ्या.’ सुसंगततेचं सगळं ज्ञान त्या काउंटरमागे उभं असतं. इथे प्रोसेसर एका खोक्यातून येतो, बोर्ड दुसऱ्यातून, ग्राफिक्स कार्ड कुणा अनोळखी माणसाच्या घरून, आणि सगळ्यांची पहिली भेट तुमच्या पलंगावर होते.

ती भेट होतेच कशी, याचंच मला सर्वांत नवल वाटतं. एक साधी यादी धरू: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० किंवा बी५५० चिपसेटचा छोटा बोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅमच्या पट्ट्या, रेडिऑन आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, एक एसएसडी, एक पॉवर सप्लाय. वेगवेगळ्या कंपन्या, वेगवेगळे देश, वेगवेगळी वर्षं. बी४५० बाजारात आला २०१८ मध्ये, कार्ड २०२१ मध्ये, प्रोसेसर २०२२ मध्ये. बोर्ड तयार झाला तेव्हा बाकी दोघांचा पत्ताच नव्हता.

रॅमची पट्टी घ्या. तिच्यावर मोठ्या चिपांच्या शेजारी तांदळाच्या दाण्याहून फार मोठी नसलेली एक चिप असते. तिच्यात फक्त ५१२ बाइट मावतात. युनिकोड मराठीत लिहायला बसलात तर दीडशे-पावणेदोनशे चिन्हांत जागा संपेल. तेवढ्यात त्या पट्टीची सगळी ओळख असते: क्षमता किती, वेग कोणता, कुठल्या कामाला किती थांबायचं. बटण दाबल्यावर बोर्ड आधी ती ओळख वाचतो. मग खरी गंमत सुरू होते. ३,२०० च्या रॅममध्ये एकेका तारेवरून सेकंदाला ३२० कोटी बिट जातात. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला नॅनोसेकंदाचा तिसरा हिस्सासुद्धा येत नाही. बोर्डाच्या तांब्यात तेवढ्या वेळात विजेचा संकेत पाचेक सेंटिमीटर जातो. एक बिट अजून रॅमच्या वाटेवर, त्याच्या पाठोपाठ दुसरा निघालेला! म्हणूनच बोर्डावर रॅमच्या आसपास तांब्याच्या रेषा उगाच नागमोडी वळलेल्या दिसतात. जवळच्या तारेला वळणं देऊन दूरच्या तारेइतकी लांब केलेली असते. तरीही उरलेला फरक यंत्र सुरू होताना स्वतःच शोधतं. ठरावीक नमुने पाठवून पाहतं, क्षणाचा सूक्ष्म अंश अलीकडे-पलीकडे करून नीट वाचता येतंय का ते तपासतं. नवी रॅम घातल्यावर पहिल्यांदा पडदा बराच वेळ काळा राहतो आणि घाबरून लोक बटण बंद करतात. जरा धीर धरावा.

एक मात्र ध्यानात ठेवा. ३,२०० लिहिलेली पट्टी आपण होऊन त्या वेगानं चालेलच असं नाही. बहुतेक वेळा ती सावध, कमी वेगावर सुरू होते आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये) जाऊन एक्सएमपी नावाचा पर्याय चालू करावा लागतो. पैसे भरून घेतलेला वेग वर्षानुवर्षं न वापरणारी घरं थोडीथोडकी नसतील. आणि डीडीआर४ व डीडीआर५ दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्कबिंदू असतात, म्हणून मोजून फसू नका. मधली खाच वेगळ्या जागी असते. ती खाच म्हणजे मुद्दाम ठेवलेला नकार.

ग्राफिक्स कार्डाची ओळखही अशीच. पीसीआय एक्सप्रेसचं पहिलं मानक २००३ चं. आजचं कार्ड आणि आजचा बोर्ड एकमेकांशी पहिलं बोलतात ते त्या पहिल्या, सर्वांत संथ वेगानंच. मग दोघांना झेपेल तिथपर्यंत वेग वाढवत नेतात. एकाला चौथ्या पिढीचा वेग येत असला आणि दुसऱ्याला तिसऱ्याचाच, तर तिसऱ्यावर तडजोड. तक्रार नाही, चेतावणी नाही.

आणि तिथेच टेलरचं तत्त्व कामाला येतं. २०२२ च्या जानेवारीत आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी नावाचं कार्ड डेटासाठी फक्त चार मार्गिका वापरतं आणि त्याची स्वतःची मेमरी ४ जीबीच. चौथ्या पिढीच्या बोर्डावर तो संसार कसाबसा निभतो. बी४५० वर तिसरी पिढी, म्हणजे त्याच चार मार्गिका निम्म्या वेगाच्या. मेमरी भरली की खेळ अडखळतो. कार्ड ठीक, बोर्ड ठीक, खाचेत अगदी चपखल बसलेलं, आणि पैसे पाण्यात. आरएक्स ६६०० ला आठ मार्गिका आणि ८ जीबी मेमरी आहे, त्यामुळे जुन्या बोर्डावरही त्याची अशी दैना होत नाही. ५६०० ऐवजी ५६००जी घेतलात तर त्याच्या पोटात ग्राफिक्स असतं, पण तो प्रोसेसरच तिसऱ्या पिढीवर थांबतो. मग बी५५० साठी मोजलेले जादा पैसे कार्डापुरते वाया. साध्या ५६०० मध्ये ग्राफिक्स अजिबात नाही. कार्ड यायच्या आधी मॉनिटर जोडून ‘बिघडलाय’ म्हणू नका. पत्रिकेत छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तरी लग्न ठरतं. इथे गुणांची बेरीजच नसते.

बायोसची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत मानवी वाटते. २०२० च्या मे महिन्यात एएमडीनं जाहीर केलं की नवे झेन ३ प्रोसेसर (आपला ५६०० त्यांतलाच) बी४५० सारख्या ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत. सॉकेट तेच, पिना त्याच. अडचण होती जागेची: पुष्कळ बोर्डांवरची बायोसची चिप १६ एमबीची, आणि एवढ्या प्रोसेसरांची माहिती तिच्यात मावेना. लोक भडकले, आणि पंधरवड्याच्या आत कंपनीनं निर्णय फिरवला. त्यामुळेच आज जुन्या बी४५० वर ५६०० चालतो, पण बायोस नवा असेल तरच. नसेल तर बोर्ड समोरच्याला ओळखतच नाही. म्हणून बोर्डाच्या मागे ‘बायोस फ्लॅशबॅक’चं छोटं बटण आहे का ते आधी पाहा. ते असलं तर प्रोसेसर न लावता, नुसत्या पेनड्राइव्हवरून बोर्डाला नवी ओळख शिकवता येते. माझ्या मते स्वस्त बोर्ड निवडताना चमकणाऱ्या दिव्यांपेक्षा हे बटण शंभरपट मोलाचं.

पॉवर सप्लायबद्दल एक हिशोब. ब्रिटनच्या तीन पिनांच्या जाडजूड प्लगमध्ये जास्तीत जास्त १३ अँपिअरचा फ्यूज असतो. भिंतीतून २३० व्होल्ट येतात, पॉवर सप्लाय त्यांचे १२ करतो आणि प्रोसेसरजवळची चिमुकली मंडळं १२ चे साधारण सव्वा. आता प्रोसेसरच्या कागदावरच्या ६५ वॉटला सव्वा व्होल्टनं भागा: पन्नासहून जास्त अँपिअर! ज्या प्रवाहाच्या चतुर्थांशानं प्लगमधला फ्यूज मर्यादेला पोचतो, तो नखाएवढ्या सिलिकॉनकडे शांतपणे वाहत असतो. म्हणूनच त्या हजारावर पिनांतल्या बऱ्याचशा नुसत्या वीज आणि अर्थिंगच्या असतात. आपल्या यादीत कार्ड १३२ वॉटचं, प्रोसेसर प्रत्यक्षात जोरात असताना पंचाहत्तरच्या आसपास, बाकी किरकोळ; तीनशेच्या आत सगळं आटपतं. ५०० ते ५५० वॉटचा चांगला सप्लाय पुरे. साडेसातशेचा आग्रह धरणाऱ्यांचं ऐकू नका.

पण याच भागात टेलरचं गेज फसतं. सुट्या केबलांच्या पॉवर सप्लायमध्ये केबलचं कॉम्प्युटरकडचं टोक मानकाप्रमाणे असतं, सप्लायकडचं मात्र नसतं. एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या सप्लायमध्ये सहज घुसते, छान ‘टक’ आवाजही येतो, आणि आत मात्र ५ व्होल्टच्या जागी १२ असू शकतात. हार्ड डिस्क तिथल्या तिथे जाते. न बसणारा भाग तुमचे फक्त पोस्टाचे पैसे बुडवतो. हा बसतो आणि शेजाऱ्यालाही घेऊन जातो.

उलटा प्रकार ऑफिसांनी काढून टाकलेल्या ब्रँडेड मशीनचा. मिळतात स्वस्त, दिसतात दणकट, पण कित्येकांत बोर्डाची वीज-जोडणी त्या कंपनीची खासगी. बाहेरचा सप्लाय लागत नाही आणि आतल्या सप्लायला कार्डासाठीची वायरच नसते. तसं मशीन हाती आलंच असेल तर खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॉटवर भागणारं जीटीएक्स १६५० सारखं बुटकं कार्ड शोधा आणि जुन्या खेळांवर समाधान माना. वाईट सौदा नाही तो.

मग लेस्टरमध्ये बसून खरेदी कशी करावी? व्यापाऱ्याकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू हाती आल्यापासून १४ दिवसांत करार रद्द करण्याचा हक्क इथला कायदा देतो. ते १४ दिवस भाग जोडून पाहण्यासाठी आहेत, खोकी कपाटात रचायला नाहीत. म्हणून सगळं आठवड्याभरात येईल असंच मागवा. खासगी माणसाकडून घेताना हा हक्क नसतो. तिथे माझा सल्ला एकच: प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम सुटे घेऊ नका, एकत्र जोडलेला संच घ्या आणि विकणाऱ्याच्या घरी तो सुरू करून बघा. बायोस जुळलेला, रॅम ओळखलेली, पिना सरळ, हे सगळं एका नजरेत कळतं. ते झालं गो गेज. कार्ड मात्र वेगळं तपासा, खेळ वीस मिनिटं चालवून, पंख्याचा आवाज ऐकून. पेटीत त्याची लांबी मावते का ते टेपनं मोजा. आणि सगळ्या यादीत नवी घ्यायची वस्तू एकच असेल तर ती पॉवर सप्लाय, तिच्या केबल तिच्याच पिशवीत बांधून ठेवायच्या.