पडद्यावरचा रोगी

सुताराचा पोर रंधा धरायला शिकतो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याच्या पुढ्यात कोणी सागाची फळी टाकत नाही. आधी त्याला टाकाऊ फळकूट मिळते. ते बिघडले तर चुलीत जाते. कुंभाराच्या चाकावरचे पहिले मडके वाकडे झाले, तरी मातीचा पुन्हा गोळा करता येतो. परंतु डॉक्टर किंवा परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी काय करावे? त्यांच्या पुढ्यात असतो तो जिवंत माणूस. शिकाऊ हाताची पहिली सुई कोणाच्या तरी दंडात टोचली जाणारच. आणि तो दंड बहुधा सरकारी इस्पितळात आलेल्या गरीब माणसाचा असतो. म्हणून हा प्रश्न केवळ कॉलेजांचा नाही, तुमचा-आमचाही आहे.

प्रश्न नवा नाही, आणि त्याचे उत्तरही जुनेच आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात या सरावासाठी एक स्वतंत्र अध्यायच आहे. शिष्याने कापण्याचा सराव कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा. शीर वेधण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरांवर किंवा कमळाच्या देठावर करावा. टाके घालायला कापडाच्या कडा आणि मऊ कातडे घ्यावे. आणि पट्ट्या बांधायला माणसाचा पुतळा करून घ्यावा, असे तेथे सांगितले आहे. पुष्कळ ग्रंथ पढलेला मनुष्यसुद्धा हा सराव केल्यावाचून कामाला अपात्रच, असेही सुश्रुत बजावतो.

फ्रान्समध्ये अठराव्या शतकात मादाम द्यु कुद्रे नावाची एक सुईण होऊन गेली. 1759 साली राजा पंधराव्या लुईने तिला देशभर फिरून खेड्यांतील बायकांना बाळंतपणाचे शिक्षण देण्याचा परवाना दिला. तिच्या विद्यार्थिनींपैकी कित्येकींना अक्षरओळख नव्हती. तेव्हा तिने कापूस भरून, कापड आणि कातडे शिवून बाईच्या कमरेखालच्या भागाची एक प्रतिकृती केली आणि सोबत एक कापडी बाळ केले. बाळ आडवे आले तर हात कसा घालायचा, हे त्या बायका ऐकून नव्हे, करून शिकल्या. पुढे 1960 साली नॉर्वेमधील खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्दाल यांनी तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी प्लॅस्टिकचा माणसाएवढा पुतळा तयार केला. तशा पुतळ्यांवर आज जगभर लोक छाती दाबण्याचा सराव करतात.

आता यापुढची पायरी आली आहे ती आभासी रोग्याची. पाण्यात चंद्र दिसतो, पण हाताला लागत नाही. तसाच हा रोगी संगणकाच्या पडद्यावर असतो. काही ठिकाणी डोळ्यांवर मोठ्या चष्म्यासारखे यंत्र चढवतात, आणि मग आपण इस्पितळाच्या खोलीतच उभे आहोत असे वाटते.

एक उदाहरण घेऊ. पडद्यावर नुकतीच बाळंत झालेली एक स्त्री आहे. अंगावरून रक्त जरा जास्त जाते आहे. शिकाऊ परिचारिकेने काय करावे ते तिचे तिनेच ठरवायचे. नाडी पाहायची का? हाक मारून मदत बोलवायची का? गर्भाशय आकसावे म्हणून पोटावरून चोळायचे का? ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन केव्हा द्यायचे? ती विचार करीत बसली, तर तिकडे घड्याळ थांबत नाही. नाडी जलद होते, रक्तदाब उतरतो, चेहरा पांढराफटक पडतो. योग्य पाऊल पडले की हळूहळू सावरते. आणि नाहीच जमले तर? तर कोणाचे घर उजाडत नाही. प्रसंग पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतो, दहा वेळाही.

शिक्षकमित्रांनो, यातील खरी मेख पुढे आहे. खेळ संपला की गुरू आणि विद्यार्थी एकत्र बसतात. ‘तू आधी नाडी का पाहिलीस? तेव्हा तुझ्या मनात काय होते?’ असे शांतपणे विचारले जाते. चुकीबद्दल ओरडायचे नाही, चुकीचे मूळ शोधायचे. हे बसणे वगळले, तर महागडे यंत्रसुद्धा पोरांचा खेळ ठरते.

आता कोणी म्हणेल, पडद्यावरचे शिक्षण प्रत्यक्षात उपयोगी पडते का? अमेरिकेतील येल विद्यापीठात 16 शिकाऊ शल्यवैद्यांचे दोन गट करून पाहिले. त्याचा अहवाल 2002 साली छापून आला. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना, यंत्रावर आधी सराव केलेल्यांना 29 टक्के कमी वेळ लागला. आणि सराव न केलेल्यांकडून सरासरी सहापट चुका झाल्या. शस्त्रक्रिया खऱ्या रोग्यांवरची होती, हे ध्यानात घ्या.

तरीपण यंत्राच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. पडद्यावरून तापलेले कपाळ हाताला लागत नाही. घाबरलेल्या म्हातारीची समजूत कशी घालावी, नातेवाइकांना वाईट बातमी कोणत्या शब्दांत सांगावी, हे शेवटी माणसांतच शिकावे लागते. शिवाय यंत्राला पैसा हवा, वीज हवी. पण पैसा नाही म्हणून सराव नाही, असे मात्र होता कामा नये. टांझानियातील 8 इस्पितळांत सुईणींना साध्या बाहुलीवर, जन्मताच न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत श्वास कसा द्यायचा, ते शिकवले. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार, जन्मानंतरच्या पहिल्या 24 तासांत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण तेथे 47 टक्क्यांनी घटले. बाहुली साधी होती; सराव मात्र पक्का होता.

तेव्हा तुमच्या गावची एखादी मुलगी नर्सिंगच्या कॉलेजातून सुटीला आली आणि ‘आज मी संगणकावर बाळंतपण केले’ असे म्हणाली, तर हसू नका. तिला विचारा, ‘पोरी, किती वेळा केलेस? चुकलीस तेव्हा बाईंनी काय सांगितले?’ कारण तिने तेथे केलेली प्रत्येक चूक ही कोणा बाळंतिणीच्या खाटेपाशी न झालेली चूक आहे.