ट्रॉली सोडू नका

सपाटीला गाडीची काही तक्रार नाही. मागे जनरेटरची ट्रॉली जोडून कुंभार्ली घाट चढायला लागलं की मात्र चार-पाच वळणांनंतर इंजिन गचके खातं आणि बंद पडतं. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा पहिल्या सेल्फला चालू. असलं दुखणं गॅरेजात उभ्या गाडीत सापडत नाही. म्हणून चिपळूणच्या मिस्त्रींनी मंडपवाल्या मालकाला फोनवरच बजावलं होतं, "ट्रॉली सोडू नका शेठ, तशीच घेऊन या."

पिकअप, सामान आणि ट्रॉली मिळून वजन तीन टनांच्या आसपास. दर १२ मीटरला १ मीटर असा चढ धरला, तर एवढं धूड ताशी ३६ किलोमीटरने वर न्यायला नुसत्या चढापोटीच ३३ अश्वशक्ती लागते. सपाटीला त्याच वेगात पाव हिश्शातही भागतं. डिझेलची खरी भूक लागते ती घाटात, आणि पुरवठ्यातली तूट उघडी पडते तीही तिथेच.

आधीच्या एका गॅरेजात स्कॅनरवर पी ००८७ हा कोड आला होता : रेलमधला डिझेलचा दाब कमी. त्यावरून हाय प्रेशर पंप बदलायचा सल्ला मिळालेला. कोड खोटा नव्हता. पण दाब पडला एवढंच तो सांगतो, कुणामुळे पडला ते नाही. पंप झिजला असेल, इंजेक्टर रिटर्नला जास्त डिझेल सोडत असतील, फिल्टर चोंदला असेल, नाहीतर टाकीतूनच डिझेल येत नसेल. सगळ्यात महागड्या संशयिताला आधी धरायची ही रीत मला तरी पटत नाही.

पायथ्याचं पोफळी गाव मागे पडलं. मालक गाडी चालवतोय, मिस्त्रींच्या मांडीवर स्कॅनर. त्यावर दोनच आकडे : इंजिनाने मागितलेला दाब आणि मिळालेला दाब. "१४०० मागतंय, १३९० मिळतायत." दोन वळणं तशीच गेली. मग मागणी तिथेच आणि मिळकत १२००, ९५०, ६००. गचके बसायला लागले तशी मिस्त्रींची नजर आरपीएमच्या काट्यावर गेली. गाडी गिअरमध्ये असेपर्यंत चाकंच इंजिनाला फिरवत असतात. तेव्हा काटा एकदम शून्यावर आपटला, तर संशय क्रँक सेन्सरवर जातो. इथे काटा गाडीच्या वेगाबरोबर सावकाश उतरला. सेन्सर सुटला.

गाडी थांबली आणि हेल्पर दगड घेऊन चाकांकडे धावला. इंजिन बंद पडलं की ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच साथ देतो, आणि या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत. घाटात ही खरी भीती, इंजिनाची नंतर.

या गाडीच्या टाकीत पंप नाही. पुढचा पंपच डिझेल ओढून घेतो. त्यामुळे वाटेतल्या पाइपाला चीर गेली तर डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत शिरते. खाली थेंब नाही म्हणून पाइप ठीक, हा हिशेब इथे चालत नाही. मिस्त्रींनी फिल्टर नवा टाकला आणि त्याच्यापुढे पारदर्शक नळीचा तुकडा बसवला. पुन्हा घाट, पुन्हा बंद. पण नळीत बुडबुडा एकही नाही. म्हणजे हवा नव्हती. अडथळा असलाच, तर तो फिल्टरच्या मागे.

मग दहा लिटरचा कॅन पक्का बांधून पुरवठ्याचा आणि रिटर्नचा असे दोन्ही पाइप त्यात सोडले, टाकी बाजूलाच ठेवली. १४०० मागितले, १४०० मिळाले. त्याच वळणांवरून ट्रॉलीसकट गाडी न अडखळता वर गेली. पंप आणि इंजेक्टर दोघंही निर्दोष ठरले.

टाकी उतरवली, तेव्हा आतल्या जाळीवर पातळ प्लास्टिकची चकती चिकटलेली : डिझेलच्या कॅनचं सील. जनरेटरसाठी आणलेल्या कॅनमधलं उरलेलं डिझेल पोरं गाडीत ओतायची, त्याबरोबर ते आत गेलेलं. ओढ कमी असली की ते टाकीत कुठेतरी तरंगायचं. घाटात ओढ वाढली की जाळीवर बसायचं. इंजिन बंद झालं की सुटायचं. पाच मिनिटांच्या विश्रांतीचं गुपित एवढंच.

"मग पंपाची ऑर्डर?" मालकाने विचारलं.

"रद्द करा आणि जाळीचं नरसाळं घ्या," मिस्त्री फडक्याला हात पुसत म्हणाले. "आणि हो, जनरेटरचीही टाकी उघडून बघा. तोही याच कॅनचं पितोय."