सापकांदा जॉर्जियात काय करतोय?

एप्रिलमधली गोष्ट. अल्फारेटाच्या बिग क्रीक ग्रीनवेवर चालत होते. एका ओलसर सावलीत, हिरव्या-जांभळ्या पट्ट्यांचं, वर झाकण असलेलं एक फूल दिसलं आणि तोंडून आपसूक निघालं, "सापकांदा!" पण सापकांदा तर आपला, सह्याद्रीत पहिल्या पावसानंतर उगवणारा. तो इथे कसा?

घरी येऊन हर्बेरियमचे ऑनलाइन नमुने पाहिले. इथला तो अरिसीमा ट्रायफायलम, आपल्याकडचा अरिसीमा मरेई. शास्त्रीय नावातला पहिला शब्द म्हणजे आडनाव समजा. म्हणजे हे दोघे भाऊबंद, आणि अळू-सुरणाच्या कुळातले!

हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचं संग्रहालय. झाड फुलावर असताना त्याची फांदी कागदांत दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि कोपऱ्यात लेबल लावायचं: कुणी, कधी, कुठे गोळा केली. बस, एवढंच. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात १९०६ पासून असा संग्रह आहे. तुमच्या जवळचा मोठा संग्रह अथेन्सला, युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जियात. जगभरात असे सुमारे ४० कोटी नमुने आहेत.

वाळक्या पानांचं एवढं काय, असं वाटेल. तर जॉर्जियाचीच गोष्ट ऐका. १७६५ मध्ये जॉन आणि विल्यम बार्ट्राम या बापलेकांना अल्तमाहा नदीकाठी चहाच्या कुळातलं, पांढऱ्या फुलांचं एक झाड दिसलं. तेच फ्रँकलिनिया. १८०३ नंतर ते रानात कुणालाही सापडलेलं नाही. आज बागांमध्ये दिसणारी फ्रँकलिनिया बार्ट्राम कुटुंबाने जपलेल्या झाडांची संतती मानली जाते. ते एकेकाळी इथे रानात उगवत होतं, याची साक्ष आता जुन्या नोंदी आणि वाळवलेले नमुनेच देतात.

नव्या शोधालाही हा कागद लागतो. २०२३ मध्ये विशाळगडावरच्या एका कंदीलपुष्पाला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव मिळालं: सेरोपेजिया शिवरायीना. वनस्पतीची नवी जात जाहीर करायची तर एक नमुना कायमचा जपून ठेवावा लागतो. पुढे कुणाला शंका आली, तर त्या कागदाशी ताडून बघता येतं.

तरीही हे संग्रह सुरक्षित नाहीत. शेजारच्या नॉर्थ कॅरोलिनात ड्यूक विद्यापीठाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपलं हर्बेरियम बंद करण्याचं जाहीर केलं. तिथे सव्वाआठ लाख नमुने होते. नमुने दुसरीकडे हलवता येतात, पण त्यांच्याभोवती शिकणारी, शिकवणारी माणसं विखुरतात.

आता तुमचा याच्याशी काय संबंध? 'जैवविविधता' या शब्दावर कुणाचा जीव जडत नाही. जीव जडतो ओळखीच्या गोष्टीवर. परदेशातल्या माझ्या पहिल्या वसंतात बाहेरचं सगळं नुसतं 'हिरवं' होतं. छान, पण परकं. एकेक नाव कळत गेलं, तशी मी चालताना थांबायला लागले, वाकून बघायला लागले. एकटेपणा जादूने गेला नाही. पण त्या रस्त्यावर ओळखीचं कुणीतरी भेटायला लागलं. आणि ओळखीचं झाड तोडलं जातं तेव्हा ते लक्षातही येतं. जपणं तिथूनच सुरू होतं.

करून बघा. आग्नेय अमेरिकेतले नमुने 'सर्नेक' पोर्टलवर आहेत, जगभरातले 'जीबिफ'वर. तिथे आधी अल्फारेटा शोधा, मग सातारा, रत्नागिरी किंवा आपला तालुका. फिरायला जाल तेव्हा झाड उपटू नका. फोटो काढा, तारीख आणि जागा लिहा. मग तो फोटो आजीला पाठवून विचारा, "आपल्याकडे असं काही उगवतं का गं? काय म्हणता त्याला?" तिने सांगितलेलं नावही तारखेखाली लिहून ठेवा. तुमचं पहिलं लेबल तयार झालं.